केळीच्या ट्रकला टायर घेताना एक्सल पाहा, रस्ता पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रावेर, यावल, मुक्ताईनगर पट्ट्यातली केळी बऱ्हाणपूर-इंदूरमार्गे दिल्ली, पंजाब, जम्मू आणि तिथून थेट श्रीनगरपर्यंत जाते. म्हणजे सावद्याला ऊन खात उभा असलेला ट्रक चार-पाच दिवसांत रामबन-बनिहालच्या बर्फात असू शकतो. तोच ट्रक पावसाळ्यात कोंडाईबारीचा किंवा बिजासनचा ओला उतार उतरत असतो. एवढे सगळे त्या टायरच्या जिवावर चालते, पण टायर घेताना दुकानात आपला पहिला प्रश्न ठरलेला: किती किलोमीटर चालेल? दुसरा: रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नव्या नक्षीचे रबर चढवणे) किती वेळा होईल? ओल्या रस्त्यावर धरतो का, हे विचारणारा गाडीमालक विरळा. आमचे काम टायरचेच असल्याने या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सगळ्यात मोठा गैरसमज लग टायरचा. आडव्या, जाड, खोल ठोकळ्यांची नक्षी दिसायला दणकट असते. खाणीत, शेतरस्त्यावर, वाळूच्या घाटावर ती खरोखर कामाची आहे, कारण ठोकळे मऊ मातीत रुततात आणि गाडी पुढे रेटतात. डांबर किंवा काँक्रीट मात्र रुतू देत नाही. तिथे पकड दोन गोष्टींवर ठरते. रबराचा किती भाग रस्त्याला खरोखर टेकला आहे, आणि मधले पाणी किती लवकर बाहेर पडते. लगमध्ये ठोकळ्यांमधल्या जागा रुंद असल्याने टेकणारे रबर कमी. शिवाय ठोकळा आतून सलग असतो, त्यावर पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या कडा फारशा नसतात. म्हणून चिखलात उत्तम असलेला तोच टायर पावसात डांबरी घाटावर ब्रेक दाबताच सरकतो. बर्फाची तर गोष्टच वेगळी, त्याकडे पुढे येतो.

महामार्गावर चालणाऱ्या गाडीला पुढे रिबच हवा. रिबच्या उभ्या, सलग खाचांतून पाणी मागे फेकले जाते, गाडी सरळ राहते आणि स्टिअरिंगला उत्तर मिळते. पुढच्या दोन टायरनी पाणी नीट कापले की मागच्यांना बऱ्यापैकी कोरडा पट्टा मिळतो. पुढचे गुळगुळीत असतील तर मागे कितीही नवा टायर लावा, वळणावर गाडी सरळच जाणार. पुढे रिमोल्ड लावू नये हे आम्ही ठामपणे सांगतो. चांगल्या ठिकाणी केलेला रिमोल्ड मागच्या जोडीत व्यवस्थित काम देतो, त्याला आमचा अजिबात विरोध नाही. पण पुढे एकेका बाजूला एकच टायर असतो. तो सुटला तर सावरायला दुसरा नाही.

नायलॉन की रेडियल, हा वाद खरे तर संपला आहे, तरी स्वस्त म्हणून आजही पुढे नायलॉन टाकणारे आहेत. नायलॉनमध्ये बाजू आणि वरचा पट्टा एकत्रच हलतो, त्यामुळे भाराखाली नक्षी चिमटते आणि पाणी जाण्याच्या खाचा नेमक्या टेकायच्या जागी बंद होतात. रेडियलमध्ये नक्षीखालचा तारेचा पट्टा ती सपाट धरून ठेवतो. एकाच एक्सलवर एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे नायलॉन तर कधीच नको. ओल्यात ब्रेक मारला की दोन बाजू वेगवेगळी ओढ देतात.

आता टायरच्या बाजूवर काय लिहिले आहे ते वाचायची सवय लावू या. समजा १०.०० आर २० या मापापुढे १४६/१४३ के असे लिहिले आहे. १४६ म्हणजे टायर एकटा असताना ३००० किलो, १४३ म्हणजे जोडीत असताना प्रत्येकी २७२५ किलो, आणि के म्हणजे ताशी ११० किलोमीटरपर्यंतचा वेग. २०१८ मध्ये एक्सलभाराची मर्यादा वाढली. पुढच्या एक्सलला ७ टन, चार टायरच्या एकेरी एक्सलला ११.५ टन आणि आठ टायरच्या टँडेमला, म्हणजे मागच्या दोन लगतच्या एक्सलच्या जोडीला, २१ टन. आता हिशेब करा. पुढे ३००० किलोचे दोन टायर म्हणजे ६ टन झाले. ज्या गाडीत पुढे खरोखर ७ टन पडतात, तिला प्रत्येकी ३५०० हवे, म्हणजे बाजूवरचा पहिला आकडा १५२ हवा, जो ३५५० किलो घेतो. मागचा हिशेब आणखी बघण्यासारखा आहे. दहा चाकीच्या टँडेमवर २१ टन आठ टायरांत वाटले की २६२५ किलो येतात, तिथे १४३ चालतो. सहा चाकीच्या मागे मात्र ११.५ टन चार टायरांवर, म्हणजे २८७५ किलो. तिथे १४३ कमी पडतो, किमान १४५ लागतो. गाडी लहान म्हणून टायर हलका चालेल असे धरणारे इथेच फसतात. कमी ताकदीचा टायर भाराखाली जास्त वाकतो, तापतो, खांद्यावर झिजतो, आणि मधली नक्षी रस्त्यावर हवी तशी दाबली जात नाही. पाणी नेमके तिथेच अडकते.

बाजूवर आणखी एक आकडा असतो, चार अंकी, लंबगोलात. ३४२३ म्हणजे २०२३ चा ३४ वा आठवडा. हा आकडा पाहिल्याशिवाय टायर उतरवून घेऊ नये. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून एआयएस-१४२ या मानकाप्रमाणे ओल्या रस्त्यावरच्या पकडीची कसोटी टायरना लागू केली. नव्या डिझाइनना ऑक्टोबर २०२२ पासून, आधीपासून बाजारात असलेल्यांना एप्रिल २०२३ पासून. गोदामात राहिलेला त्याआधीचा माल सवलतीत मिळतो, पण तो या कसोटीतून गेलेलाच असेल याची खात्री नाही. त्यात आपल्याकडचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन उन्हाळे काढलेले रबर नक्षी पूर्ण असूनही कडक होते, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला कमी चिकटते.

नक्षी किती उरली हे डोळ्यांनी ठरवू नका. खोली मोजायचा छोटा गेज टायरच्या दुकानात मिळतो. रुंदीत तीन ठिकाणी, म्हणजे दोन्ही कडा आणि मध्य, अशी मोजणी घेराच्या तीन-चार जागी करावी. खाचेच्या तळाशी टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, छोटे उंचवटे असतात, गेजची टोच त्यांच्यावर टेकवू नये. सर्वांत कमी आलेला आकडा तोच खरा धरावा, सरासरी काढू नये. आपल्या नियमाप्रमाणे ट्रकला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. ती दंड वाचवायला पुरेशी असेल, घाटात जीव वाचवायला नाही. अमेरिकेत जड वाहनांच्या पुढच्या टायरला ३.२ मिलिमीटरची अट आहे, मागच्यांना १.६ ची. आमचे म्हणणे असे की मृग निघायच्या आत पुढच्या टायरची नक्षी ५ मिलिमीटरच्या खाली आली असेल तर तो काढून मागे डमी एक्सलवर (ज्याला इंजिनाची ओढ नसते) टाकावा आणि पुढे नवी जोडी घ्यावी. तो टायर वाया जात नाही, डमीवर उरलेले आयुष्य नीट काढतो आणि नंतर रिमोल्डलाही जातो.

गुळगुळीत टायरवर गरम कातरीने खाचा पाडून देणारे महामार्गाच्या कडेला बसलेले असतात. हे काम थांबायलाच हवे. कंपनीने पुन्हा खाचा पाडण्यासाठी नक्षीखाली जादा रबर दिले असेल तरच ते करता येते, आणि तसे टायरच्या बाजूवर लिहिलेले असते. एरवी कातरी थेट तारेच्या पट्ट्यापर्यंत जाते. पहिल्या पावसात पाणी आत शिरते, तार गंजते, आणि भर वेगात पट्टा सोलून निघतो. साध्या चिरांचेही तेच. ओले रबर कोरड्यापेक्षा सहज कापले जाते, म्हणून पावसाळ्यात खडी आणि काचेच्या चिरा जास्त पडतात. दर फेरीला खाचांतले खडे काढा आणि चीर तारेपर्यंत गेली आहे का पाहा.

मागच्या टायरबद्दल बोलताना हौसिंग आणि डमी वेगळे धरावे लागतात. आपल्याकडच्या बहुतेक दहा चाकी गाड्यांत मागच्या दोन एक्सलपैकी एकालाच इंजिनाची ओढ मिळते. ती ज्या एक्सलला मिळते तिथे, म्हणजे हौसिंगवर, सर्वांत चांगली आणि खोल नक्षी हवी. डमीवर रिब चालतो. प्रत्यक्षात उलटे दिसते. नवे टायर आले की जिथे बदलायला सोपे तिथे लागतात, आणि हौसिंगवर अर्धे झिजलेले राहतात. हौसिंगसाठी महामार्गाच्या गाडीला सेमी लग किंवा मिक्स नक्षी घ्यावी, ज्यात मधे ठोकळे असतात आणि त्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. जोडीतले दोन टायर एका उंचीचे हवेत. दोन्हींच्या घेराभोवती दोरी फिरवून मोजा. घेरातला फरक ३८ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा टायर एकटाच भार उचलतो आणि लहान घासत फिरतो, ओल्यात तर तो जवळजवळ पकड देतच नाही. थोडा फरक असेलच तर लहान टायर आत लावावा.

पावसातला धोका आपल्याकडे पहिल्या सरींत सर्वांत जास्त. उन्हाळाभर रस्त्यावर बसलेले तेल, रबराची भुकटी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती पहिल्या अर्ध्या तासात लोण्यासारखी होते. तेव्हा टायर कितीही चांगला असला तरी वेग उतरवावाच लागतो. जोराचा पाऊस तासभर झाला की रस्ता धुतला जातो, पण मग साचलेल्या पाण्याचा प्रश्न येतो. भरलेल्या गाडीचा टायर पाणी दाबून बाहेर काढतो. रिकाम्या गाडीचा टायर कमी जागेवर टेकतो आणि पाण्यावर लवकर तरंगतो, मागचा भाग ब्रेकला आडवा येतो. म्हणून माल उतरवून परतणारी रिकामी गाडी भरलेल्यापेक्षा हळू हाकावी. चालकांना हे उलटे वाटते, पण खरे आहे.

आता बर्फ. खान्देशातल्या माणसाला त्याचा अंदाज नसतो आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही, पण गाडी पाठवणाऱ्याला असलाच पाहिजे. साधे रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागते. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. ताज्या बर्फात नक्षीत बर्फ भरतो, दाबला जातो आणि भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, म्हणून तिथे खोल नक्षी लागते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर चिरांच्या कडा काम करतात. लगचे सलग ठोकळे इथे हरतात, कारण त्यांना रुतायला मऊ काही नसते आणि धरायला कडा नसतात. टायरच्या बाजूवर एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले असले की तो बर्फाचा टायर, असे सांगून विकतात. ते अक्षर कंपनी स्वतःच घालते. बर्फावर चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. जर्मनीत हिवाळी रस्त्यावर ट्रकच्या ओढीच्या आणि पुढच्या एक्सलला हे चिन्ह असलेलेच टायर लागतात. ऑस्ट्रियात हिवाळ्यात ट्रकच्या रेडियल टायरला ५ मिलिमीटर नक्षीची अट आहे. आपल्या मापात आणि आपल्या बाजारात असे टायर सहज मिळत नाहीत. म्हणून व्यवहारातला मार्ग हा: डिसेंबर ते फेब्रुवारी बनिहालपलीकडे जाणाऱ्या गाडीला हौसिंगवर चिरा असलेल्या मिक्स नक्षीचे टायर, खोली किमान ८ ते १० मिलिमीटर, आणि गाडीत चेन, म्हणजे बर्फात टायरवर बांधायची साखळी. नुसत्या निसरड्या काचबर्फावर कोणताच साधा टायर धरत नाही, तिथे चेनच. दोर गुंडाळून घाट चढण्याचा प्रकार काही मीटरपुरता असतो, उतारावर तो तुटला की सगळेच गेले.

चेन हौसिंगच्याच चाकांना लावायची. डमीवर लावलेली चेन गाडी ओढत नाही, फक्त घासते. १०.०० आर २० ची चेन २९५/८० आर २२.५ ला बसेल असे गृहीत धरू नका, मापाप्रमाणेच घ्या. एकेरी चेन बाहेरच्या टायरला आणि दुहेरी चेन पूर्ण जोडीला बसते. भरल्या गाडीला दुहेरी बरी. निघण्याआधी गावातच, कोरड्या जागेवर, एकदा लावून पाहा. चाक पूर्ण फिरवून ती ब्रेक चेंबरला, हवेच्या पाइपला, कमानीच्या यू बोल्टला किंवा मडगार्डला लागत नाही ना हे बघायचे असते, आणि ते अंधारात, गोठलेल्या हातांनी बघता येत नाही. रस्त्यावर लावताना चढ सुरू होण्याआधीच सपाट जागी थांबा, गाडी अडकल्यावर नाही. चेन टायरवर पसरा, आडव्या साखळ्यांना पीळ राहू देऊ नका, हुकांची उघडी टोके रबराकडे नकोत. आधी आतला हुक, मग बाहेरचा. गाडी अर्धा फेरा पुढे घ्या, ताण पुन्हा ओढा, आणि साधारण एक किलोमीटरवर थांबून परत आवळा. दुसऱ्यांदा आवळायचे राहते तिथेच चेन तुटतात. ताशी ४० च्या वर जाऊ नये. कोरडा रस्ता लागला की चेन काढायची. बनिहाल-काझीगुंडचा बोगदा साडेआठ किलोमीटरचा आहे, आत बर्फ नसतो. तिथे चेनसह गेले की कड्या तुटतात, टायर चिरतो आणि सुटलेली साखळी ब्रेकचा पाइप तोडते. चेन ओढ देते, पण पुढची चाके तशीच मोकळी असतात, त्यामुळे वळणावर चेन आहे या भरवशावर वेग ठेवू नये. रिकाम्या गाडीत निसरड्या उतारावर एक्झॉस्ट ब्रेकही (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग उतरवणारा) एकदम टाकू नये, त्याने हौसिंगची चाकेच घसरतात. गाडीत फावडे, वाळूच्या दोन गोण्या, रबरी हातमोजे, जोडकड्या आणि जाड तार असावी.

हवेबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. दुपारच्या २८ अंशांत इथे १२० पीएसआय हवा भरली आणि पहाटे उणे २ अंशांत बनिहालजवळ थंड टायर मोजला तर हवा कुठे न गळता १०७ ते १०९ च्या आसपास दिसते. थंडीने दाब उतरतो, थोडासा उंचीमुळे परत वाढतो. वर गेल्यावर, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा पुन्हा पुरी करावी. बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला जीपसाठी असेल, भरलेल्या ट्रकसाठी नाही. परत येताना मैदानात उतरल्यावर थंड टायर पुन्हा मोजावा. आणि तापलेल्या टायरची हवा सोडणे, जे आपल्याकडे मे महिन्यात सर्रास होते, ते बंद करावे. थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेवर चालतो.

या सगळ्याला घाई कारणीभूत आहे, आणि ती घाई मालाची आहे. केळीला साधारण १३ अंशांच्या खाली थंडी बाधते, साल काळवंडते, म्हणून घाटात गाडी अडकली की व्यापारी फोनवर फोन करतो आणि चालक बंद रस्त्याकडेही रेटतो. बर्फ पडला की चेन लावूनच या, अशा सूचना तिथले वाहतूक पोलीस देतात. म्हणून केळी व्यापाऱ्यांना आमची विनंती आहे की हिवाळ्यात काश्मीरचे बुकिंग करताना चेनचा खर्च भाड्यात धरावा, बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) चेन गाडीत असल्याची नोंद करावी, आणि रस्ता बंद असल्यामुळे झालेल्या उशिराचे पैसे चालकाकडून कापू नयेत. टायर विक्रेत्यांनी विकताना गाडीचा मार्ग विचारावा आणि पावतीवर टायर कोणत्या एक्सलसाठी दिला ते लिहावे.

माल भरायला गाडी लागली की पुढच्या दोन टायरची आणि हौसिंगच्या चार टायरची नक्षी गेजने मोजायला पाच मिनिटे लागतात. पुढे ५ मिलिमीटरच्या खाली आकडा आला तर पावसाळ्यात त्या गाडीत घाटापलीकडचा माल भरू नये. हिवाळ्यात हौसिंगवर ८ च्या खाली आला किंवा चेन नसली तर काश्मीरचा भरू नये. आपल्या दैनिकाने ही मापे केळीच्या बाजारभावाच्या पानावर, हंगामात आठवड्यातून एकदा तरी छापावीत, अशी नम्र विनंती.

आपले,
ट्रक टायरच्या व्यवसायातील काही वाचक,
सावदा-फैजपूर परिसर, जि. जळगाव